वर्तुळाबाहेरची वाढ

घिवलीसारख्या किनाऱ्यावरील गावाला वस्तीवाढीवरची बंधने नवी नाहीत. तारापूर अणुऊर्जा केंद्राभोवती नियामक निकषांनी वर्तुळे आखलेली असून, सुमारे ५ किलोमीटरच्या पट्ट्यात गावांची नैसर्गिक वाढ चालते, मात्र बाहेरून मोठी वसाहत वा उद्योग आणता येत नाही. १६ किलोमीटरपर्यंत आणीबाणीत लोकांना हलवण्याची तयारी ठेवावी लागते. औद्योगिक वसाहतीचे बोईसर या दुसऱ्या वर्तुळात येते, आणि तेथील वाढीबद्दल मात्र कोणी जाब विचारीत नाही.

शहराएवढे पसरल्यावरही बोईसरचा कारभार वर्षानुवर्षे ग्रामपंचायतीकडेच राहिला. औद्योगिक वसाहतीत एमआयडीसी ‘विशेष नियोजन प्राधिकरण’, म्हणजे आराखडा करून बांधकामाला परवानगी देणारी संस्था, तर पालघरच्या नवनगरात सिडको. या हद्दींबाहेर, सरावली-खैरापाड्याकडे, शेताचे तुकडे अकृषिक होतात, भाताच्या खाचरांत मुरमाचा भराव पडतो आणि चाळी-इमारती उभ्या राहतात. खाचर बुजले की पावसाचे पाणी शेजारच्या शेतात शिरते, सांडपाणी गटाराअभावी नाल्यात आणि नाल्यातून खाडीत जाते. म्हणजे स्वस्त सदनिकेचा जो खर्च करारनाम्यात कोठेच नसतो, तो मच्छीमारांच्या माथी बसतो. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत गेल्यावर इकडे घर घेण्याची ओढ वाढणे स्वाभाविकच होते, आणि परवडणारे घर शोधणाऱ्या कामगाराला त्याबद्दल दोष देणे अन्यायाचे ठरेल.

या विखुरलेल्या कारभारावर उपाय म्हणून अनेक गावे-शहरांचे पाणी, रस्ते, शेती व वस्ती यांचा एकत्र विचार करणारी ‘प्रादेशिक योजना’ १९६६ च्या नगररचना कायद्यात आहेच. २०१९ मध्ये पालघर तालुका मुंबई महानगर प्रदेशात घेण्यात आला. परंतु मुळात सिंचनासाठी बांधलेल्या सूर्या प्रकल्पातून दररोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी वसई-विरार व मीरा-भाईंदरला देण्याची योजनाही याच महानगर प्रदेशाच्या विकास प्राधिकरणाची असल्याने, ‘प्रदेश’ म्हणजे मुंबईची निकड, असा स्थानिकांचा ग्रह झाला तर नवल नाही.

बोईसरमधील मोठ्या गृहप्रकल्पाला परवानगी देताना रस्त्यावर किती वाहने वाढतील, आणि आणीबाणीत किनाऱ्यावरच्या घिवली-दांडीची माणसे त्याच गर्दीतून किती वेळात बाहेर पडतील, हे दोन्ही हिशेब एकाच टेबलावर व्हायला हवेत. ते टेबल कोणत्या कार्यालयातले, हे २०२४ मध्ये पायाभरणी झालेल्या वाढवण बंदराच्या कामगार वसाहती उभ्या राहण्यापूर्वी शासनाने जाहीर करावे.