पोत्सुओलीची उचलणारी जमीन

नेपल्सच्या पश्चिमेस कांपी फ्लेग्रेई हा ज्वालामुखी आहे. (‘महाज्वालामुखी’ हा वृत्तपत्रांचा लाडका शब्द!) त्याला शिखर नाही, सुमारे ४० हजार वर्षांपूर्वीच्या प्रचंड उद्रेकाने भूपृष्ठ खचून झालेले ते विस्तीर्ण कुंड आहे, आणि त्यातच पोत्सुओली हे बंदर वसले आहे. तसा उद्रेक नजीकच्या काळात होण्याचा संभव अत्यल्प. १५३८ सालासारखा लहान उद्रेक मात्र नाकारता येत नाही.

पण माणसे हलविण्यास उद्रेक व्हावाच लागतो असे नाही. भूगर्भातील वायू, उष्ण द्रव व शिलारस यांच्या दाबाने येथील जमीनच उचलते. १९७० साली ती उचलताच रिओने तेर्रा या गरीब वस्तीतील सुमारे ३ हजार लोकांना सैन्याकरवी बाहेर काढण्यात आले. उद्रेक झाला नाही. तरी ती कुटुंबे तेथे परतली नाहीत. वस्तीची पुढे डागडुजी झाली, ती पर्यटनासाठी. १९८२-८४ मध्ये जमीन सुमारे १.८ मीटर उचलली व सुमारे ४० हजार लोक हलविले गेले. २००५ पासून ती पुन्हा उचलत आहे.

आज धोक्याच्या पट्ट्यात सुमारे ५ लाख लोक राहतात. त्यांना ७२ तासांत बाहेर नेण्याची योजना शासनाजवळ आहे. परतीची हमी, भाडे आणि बुडालेली रोजी यांचाही हिशेब तितक्याच तपशिलाने आधी जाहीर झाला पाहिजे.