डोस वाढवण्याआधी श्वास मोजा

दम्याचा रुग्ण दोन-तीन महिन्यांनी दवाखान्यात येतो. डॉक्टर विचारतात, "आता कसं आहे?" तो म्हणतो, "तसं बरं आहे, पहाटे थोडी धाप लागते." छातीला स्टेथोस्कोप लागतो. घरघर ऐकू आली तर पंपाचा डोस वाढतो, नाही आली तर आहे तेच औषध पुढे चालू राहते. साखर न मोजता इन्सुलिन वाढवणारा डॉक्टर आपण सहन करणार नाही. दम्याच्या बाबतीत मात्र वर्षानुवर्षांचे उपचार विचारपूस आणि कान यांच्या भरवशावर चालतात, आणि त्याचे कोणाला काही वाटतही नाही.

दम्यात ऐकू येते ती श्वासनलिका आवळल्याची घरघर. त्यामागची खरी व्याधी म्हणजे नलिकांच्या आतल्या अस्तराची सूज. ती सूज कानाला ऐकू येत नाही आणि रुग्णालाही नीट सांगता येत नाही, कारण आवळलेल्या नलिका सैल करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या दोन फवाऱ्यांनी छाती मोकळी होते, सूज मात्र जागच्या जागी राहते. त्या मोकळ्या छातीच्या भरवशावर माणूस 'बरं आहे' म्हणतो, आणि एखाद्या सर्दीच्या निमित्ताने रात्री-अपरात्री त्याला रिक्षात घालून रुग्णालयात न्यावे लागते.

ही सूज श्वासातून मोजता येते. श्वासनलिकेच्या अस्तरात ॲलर्जीच्या प्रकारची सूज असली की तिथल्या पेशी नायट्रिक ऑक्साइड हा वायू जास्त प्रमाणात तयार करतात आणि तो उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतो. माणसाच्या उच्छ्वासात हा वायू असतो हे स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी १९९१ मध्ये दाखवले. दमेकऱ्यांत तो वाढलेला असतो हे १९९३ मध्ये तिथल्याच संशोधकांनी मांडले. सूज उतरवणाऱ्या स्टिरॉइडचा पंप नियमित सुरू झाला की काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, हे प्रमाण उतरू लागते. म्हणजे आजाराची एक खूणही मिळते आणि औषध पोचते आहे की नाही याचाही अंदाज येतो. डॉक्टर मंडळी या तपासणीला 'फेनो' म्हणतात.

तपासणी सोपी आहे. खुर्चीत ताठ बसायचे, छाती रिकामी करायची, यंत्राच्या नळीतून तोंडाने खोल श्वास घ्यायचा आणि मग त्याच नळीत साधारण दहा सेकंद एका लयीत, सावकाश श्वास सोडायचा. वेग सेकंदाला ५० मिलिलिटरच राहावा लागतो. त्यासाठी काही यंत्रांच्या पडद्यावर एक चित्र हलत असते. ते दोन रेघांच्या मध्ये ठेवता आले की झाले. नळीत थोडा अडथळा ठेवलेला असतो, त्यामुळे टाळू वर उचलली जाते आणि नाकातली हवा त्यात मिसळत नाही. नाकात आणि सायनसमध्ये हा वायू कितीतरी जास्त असतो. सुई नाही, रक्त नाही, आणि फुफ्फुसांची क्षमता मोजणाऱ्या स्पायरोमेट्रीसारखी जीव खाऊन फुंकर मारायचीही गरज नाही. थोड्याच वेळात आकडा समोर येतो. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या २०११ च्या मार्गदर्शिकेनुसार प्रौढांत २५ च्या खाली म्हणजे कमी आणि ५० च्या वर म्हणजे जास्त. हे मोजमाप अब्जात किती भाग याचे असते. मधल्या आकड्यांचा अर्थ रुग्णाची बाकीची हकीकत पाहून लावायचा.

ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२४ मध्ये 'नाइस', ब्रिटिश थोरॅसिक सोसायटी आणि स्कॉटलंडची 'साइन' या तीन संस्थांनी मिळून दम्याची नवी मार्गदर्शिका काढली. प्रौढ रुग्णांच्या नियमित तपासणीच्या वेळी, तसेच औषध बदलण्याआधी आणि बदलल्यानंतर, या चाचणीचा विचार करावा, असे तीत म्हटले आहे. 'बदलण्याआधी' हा त्यातला भाग आपल्याकडे सर्वांत जास्त उपयोगाचा आहे.

समजा, रुग्णाला त्रास होतो आहे आणि आकडा ६० किंवा ७० आला. इथे घाईने डोस दुप्पट करण्यात अर्थ नाही. आधी विचारायला हवे की लिहून दिलेले औषध छातीत जाते तरी का? कारण रुग्ण अनेकदा पंप घेतच नाही. 'एकदा पंप लागला की सुटत नाही' ही समजूत घराघरांत आहे. लग्न ठरायच्या मुलीचा पंप तर कपाटात लपवला जातो. घेणाऱ्यांतही अनेकांची पद्धत चुकते. फवारा दाबण्याचा आणि श्वास ओढण्याचा मेळ बसत नाही, मग अर्धे औषध घशाला आणि जिभेला लागते. रोटाहेलरमधून भुकटी ओढून घ्यायची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळून टाकणारे रुग्णही छातीच्या डॉक्टरांना भेटतात. अशा माणसाला मोठ्या डोसचा पंप लिहून दिला तर तोही पोटातच जाणार.

बेलफास्टच्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये यातून एक चांगली वाट दाखवली. औषधाला दाद देत नाही असा शिक्का बसलेल्या रुग्णांना त्यांनी आठवडाभर देखरेखीखाली पंप दिला आणि रोज श्वासातला हा वायू मोजला. औषध टाळणाऱ्यांचा आकडा त्या काही दिवसांतच खाली आला. औषध कमी पडत नव्हते, ते घेतलेच जात नव्हते. आपल्याकडे एखाद्याला महागड्या जैविक इंजेक्शनांचा सल्ला देण्याआधी, किंवा तोंडाने घ्यायच्या स्टिरॉइड गोळ्या महिनोन् महिने चालू ठेवण्याआधी, अशी तपासणी व्हायलाच हवी. त्या गोळ्या साखर वाढवतात, हाडे ठिसूळ करतात, डोळ्यांत मोतीबिंदू आणतात. विनाकारण दिलेल्या गोळ्यांची किंमत रुग्ण आयुष्यभर मोजत राहतो.

आता उलट बाजू, आणि आपल्या गावांच्या दृष्टीने तीच जास्त महत्त्वाची. धाप आहे, खोकला आहे, पण आकडा १२ किंवा १५. इथे स्टिरॉइड वाढवण्याआधी निदानच पुन्हा तपासायला हवे. चुलीपुढे पस्तीस-चाळीस वर्षे काढलेल्या बाईला चढावर धाप लागली की सारे तिला 'दमा' म्हणून मोकळे होतात. प्रत्यक्षात तो अनेकदा धुराने आलेला सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद करणारा आजार, असतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलेल्या लेखाने कधीही बिडी-सिगारेट न ओढलेल्यांच्या सीओपीडीकडे जगाचे लक्ष वेधले, आणि त्यातले एक मोठे कारण म्हणजे चुलीचा धूर. या बाईला स्टिरॉइडचा वाढता डोस देत राहणे म्हणजे औषध वाया आणि वेळही वाया. तिला स्पायरोमेट्री हवी, वेगळी औषधे हवीत आणि स्वयंपाकघरातला धूर जायला हवा. कमी आलेल्या एका आकड्याने तिचा आजार ठरत नाही, पण डॉक्टरांचे हात डोस वाढवण्यापासून थांबतात, हे थोडे नाही.

या चाचणीवर आधारलेल्या उपचारांचा प्रौढांना फायदा होतो का? वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात सात चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या. नेहमीच्या पद्धतीच्या तुलनेत, आकडा पाहून औषध ठरवलेल्यांत दम्याचा झटका येणाऱ्यांचे प्रमाण कमी होते. रोजच्या त्रासात मात्र म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. हा निष्कर्ष आहे तसाच सांगायला हवा. चाचणी केली म्हणून उद्यापासून जिना चढणे सोपे होणार नाही, पण झटके टळणे हीच दम्यातली मोठी गोष्ट आहे, कारण माणसे दगावतात ती झटक्यात. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल इथे २२० गरोदर स्त्रियांवर झालेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आकड्यानुसार उपचार घेणाऱ्यांना झटके जवळपास निम्मेच आले. बाळाच्या भीतीने गरोदरपणात पंप बंद करणाऱ्या आपल्याकडच्या लेकीसुनांसाठी, आणि त्यांना तसा सल्ला देणाऱ्या घरच्यांसाठी, हे कळणे गरजेचे आहे. पंप बंद केल्याने बाळाला धोका कमी होत नाही, वाढतो.

आकडा फसवूही शकतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याचा तो खाली येतो, त्यामुळे सूज असूनही लपते. नाकाच्या ॲलर्जीने किंवा सर्दीने तो वर जातो. तपासणीच्या आधी पालक, बीट असे नायट्रेटयुक्त पदार्थ खाल्ले तरी वाढतो, आणि आधी स्पायरोमेट्री केली तर घटतो. म्हणून फेनो आधी आणि फुंकर नंतर, हा क्रम प्रयोगशाळांनी पाळलाच पाहिजे. आणि त्याच माणसाचा मागचा आकडा शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय आजच्या आकड्याला फारशी किंमत नाही. 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजात ही तपासणी घुसवून धडधाकट लोकांकडून पैसे घेणे तर सरळ लूट आहे.

भारतात जगातले सुमारे १३ टक्के दमेकरी आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंत आपला वाटा ४० टक्क्यांहून जास्त असल्याचा अंदाज आहे. ग्लोबल अस्थमा नेटवर्कच्या भारतातल्या पाहणीत छातीत घरघर असलेल्यांपैकी रोज स्टिरॉइडचा पंप घेणारे २.५ टक्केसुद्धा भरले नाहीत. ही स्थिती असताना पहिला पैसा कुठे जायला हवा हे उघड आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात स्टिरॉइडचा पंप आणि त्याला जोडायचा स्पेसर बारा महिने मिळाला पाहिजे, आणि तो कसा घ्यायचा हे प्रत्येक भेटीत रुग्णाकडून करवून घेणारी परिचारिका तिथे हवी. फेनोचे यंत्र गावोगाव नेण्याची गरज नाही. त्याचा सेन्सर ठरावीक चाचण्यांनंतर बदलावा लागतो आणि तो खर्च कायमचा असतो. पण राज्यातल्या प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या छातीविकार विभागात ते असावे, तिथे ही तपासणी फुकट व्हावी आणि तालुक्याच्या डॉक्टरांना वर्षात दोनदा झटका आलेला, मोठ्या डोसवर असलेला किंवा गरोदर रुग्ण तिथे पाठवता यावा. आलेला आकडा तारखेसह केसपेपरवर लिहून रुग्णाच्या हातात दिला गेला पाहिजे.

तोवर खेड्यातल्या डॉक्टरकडे पीक फ्लो मीटर आहे. काहीशे रुपयांची ही प्लास्टिकची नळी. ती सूज मोजत नाही, श्वासनलिका किती आवळली आहे एवढेच सांगते. पण सकाळ-संध्याकाळ फुंकून वहीत लिहिलेले आकडे घसरू लागले की झटका येण्याआधीच, दिवसाउजेडी, रुग्णाला दवाखाना गाठता येतो. ती नळी आणि ती वही पंपाच्या चिठ्ठीबरोबरच द्यायला आजही कोणाच्या परवानगीची गरज नाही.