क्रमवारी ठरली, पण रांगेत उभे कोण आहे?

१२ ऑक्टोबर २०२५ रोजी मंडणगडात न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच तालुक्यातले, आणि उद्घाटक सरन्यायाधीश भूषण गवई हे त्या पदावर पोहोचलेले पहिले बौद्ध. त्या दिवशी आम्हाला अभिमान वाटला, हे लपवायचे कारण नाही. सव्वा महिन्याने, १९ नोव्हेंबरला, त्यांच्याच अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने जिल्हा न्यायाधीशांच्या ज्येष्ठतेचा निकाल दिला. त्याबद्दल मात्र आपल्या चळवळीत कुणी अवाक्षर काढले नाही. म्हणून हा लेख.

जिल्हा न्यायाधीश या संवर्गात तीन वाटांनी जाता येते: कनिष्ठ न्यायाधीशांची नियमित पदोन्नती, त्यांच्यासाठीची मर्यादित विभागीय परीक्षा, आणि वकिलांमधून थेट भरती. थेट आलेले वयाने तरुण असतात, त्यामुळे प्रमुख जिल्हा न्यायाधीशाची खुर्ची आणि पुढे उच्च न्यायालय त्यांच्या वाट्याला लवकर येते. खालून चढत आलेले तिथे पोहोचेपर्यंत निवृत्तीला टेकतात, अशी जुनी तक्रार. न्यायालयाने आता चारचे चक्र घालून दिले: दोन पदोन्नतीचे, एक विभागीय परीक्षेचा, एक थेट भरतीचा. वरच्या वेतनश्रेणीत पदोन्नतांना वेगळा कोटा मात्र नाकारला. एकदा संवर्गात शिरले की कोण कुठल्या वाटेने आले ही जन्मखूण पुसली जाते, असा त्यामागचा तर्क.

जन्मखूण पुसली जाते! आमच्या कोकणात या आणि बघा. आमच्या वस्तीचा टपालाचा पत्तासुद्धा ‘बौद्धवाडी’ असा असतो. भरतीच्या वाटेची खूण पुसता येत असेल, पण जातीची खूण या साऱ्या वादात कुणी मोजलीच नाही. तीन वाटांचे भांडण चालले, पण त्या वाटांवर आपली माणसे किती, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता. तो तिथे नेणारे कुणी नव्हते, यात आपलाही दोष आहे.

या खुर्चीचे आम्हाला एवढे का पडले आहे? प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश म्हणजे केवळ मोठा न्यायाधीश नव्हे. जिल्ह्यातला कोणता सत्र खटला कुणापुढे जाणार हे तो ठरवतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा तो अध्यक्ष, म्हणजे गरिबाला सरकारी खर्चाने वकील मिळण्याची वाट त्याच्या कार्यालयातून जाते. २०१८च्या साक्षीदार संरक्षण योजनेत धोक्यातल्या साक्षीदाराचा अर्ज ज्या समितीपुढे जातो, तिचाही तोच प्रमुख. ॲट्रॉसिटीच्या खटल्यात गावकी वाळीत टाकायची धमकी देते आणि साक्षीदार फिरतो, हे आम्ही फिर्यादी बायांसोबत कोर्टाच्या बाकावर बसून पाहिले आहे. आरोपपत्रानंतर शक्यतो दोन महिन्यांत खटला संपावा, असे तो कायदा सांगतो. बाकावरच्या बायांना हे सांगितले की त्या हसतात.

आता कुणी गुणवत्तेचे पालुपद लावील. उच्च न्यायालयांचेच आकडे घ्या. केंद्र सरकारने २०२३मध्ये संसदेत सांगितले की २०१८पासून नेमलेल्या ६०४ न्यायमूर्तींपैकी ४५८ खुल्या प्रवर्गातले, अनुसूचित जातींचे १८ आणि जमातींचे ९. आणि जिल्हा न्यायाधीशांच्या ज्येष्ठता यादीतूनच काही जण पुढे उच्च न्यायालयात जातात. खालची रांग एकरंगी असेल तर वरची बहुरंगी होणार कशी?

राखीव जागा ठेवा म्हणावे, तर राज्यघटनेचे कलम २३३ आडवे येते. जिल्हा न्यायाधीश राज्यपाल नेमतात, पण उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करूनच. बिहारने आरक्षणाचा कायदा न्यायसेवेला लावू पाहिला. उच्च न्यायालयाला डावलून तसे करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०००मध्ये बाळमुकुंद साह खटल्यात बहुमताने ठरवले. म्हणजे किल्ली उच्च न्यायालयाकडे. दुसरे दार कलम ३१२चे. अखिल भारतीय न्यायिक सेवेची तरतूद १९७६च्या ४२व्या दुरुस्तीने झाली, पण ती सेवा आजतागायत जन्मली नाही. एकमत होत नाही, हे सरकारचे ठरलेले उत्तर.

उलट खालचे दार आणखी अरुंद झाले. २० मे २०२५च्या निकालाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. अनुभव हवाच, मान्य. पण आई-बाप मजुरी करून ज्या पोराला एलएलबी करतात, त्याने ही तीन वर्षे ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली कशावर काढायची? ज्याच्या घरात आधीच वकिली आहे, त्याला हा प्रश्न पडत नाही. हाही निकाल गवई साहेबांच्याच पीठाचा, आणि आपला माणूस म्हणून आम्ही गप्प बसणार नाही. बाबासाहेबांनी आपल्याला व्यक्तिपूजा शिकवलेली नाही.

ऑगस्ट २०२५पासून रत्नागिरी जिल्हा उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचखाली आला आहे. मुंबईपर्यंतची पायपीट थांबली, हे चांगलेच. तेव्हा पहिले निवेदन तिथेच देऊ. राज्यातल्या दिवाणी न्यायाधीशापासून प्रमुख जिल्हा न्यायाधीशापर्यंत प्रत्येक पायरीवर अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्गीय आणि स्त्रिया किती आहेत, ते नावांशिवाय, फक्त आकड्यांत, दरवर्षी जाहीर करा. नवशिक्या मागास वकिलांना त्या तीन वर्षांसाठी विद्यावेतन द्या, ही मागणी राज्य सरकारकडे स्वतंत्र. मसुदा तयार आहे. सह्यांसाठी दापोली, खेड, चिपळूण आणि राजापूरच्या वकील मित्रांनी आम्हाला कळवावे, आम्ही येतो.

जयभीम.