फारकतीच्या कागदावर पोराची सही नसते

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत नवरा-बायकोचे पटेनासे झाले की आधी बैठक बसते. दोन्हीकडचे पाहुणे, मुलीचा मामा, एखादे माजी सरपंच, पोलीस पाटील. कुणाच्या तरी ओसरीवर दिवसभर बोलणे चालते, रुखवताची भांडी आणि अंगावरचे दागिने यांची यादी होते आणि दिवेलागणीला स्टॅम्पपेपरवर फारकत लिहून होते. कागदाच्या शेवटी बहुतेक वेळा एक ओळ असते: मूल आईकडे राहील आणि आई यापुढे कसलीही मागणी करणार नाही. त्या ओळीसाठी हा लेख आहे.

बैठकीच्या बाजूने जे बोलले जाते ते आधी मांडतो, कारण ते सगळेच खोटे नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे वाडवडिलांपासून सांगतात. नारायणगावकडे द्राक्षबागेत किंवा टोमॅटोच्या तोडणीला रोजाने जाणाऱ्या बाईला एक तारीख म्हणजे एक बुडालेला रोज. वकिलाची फी वेगळी, चारचौघांत अब्रू निघते ती वेगळी. बैठकीत एका दिवसात दोघे मोकळे होतात. असे म्हणणारी माणसे बहुधा दुष्ट नसतात. पोरीचे पुढचे आयुष्य मार्गी लागावे, एवढेच त्यांच्या मनात असते.

पण पोर मोकळी होतच नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याखालचा विवाह न्यायालयाच्या हुकूमनाम्याने मोडतो, स्टॅम्पने नव्हे. रूढीने होणारी काडीमोड याच कायद्याच्या कलम २९ने राखून ठेवली आहे, हे खरे. मात्र रूढी आहे म्हणणाऱ्याला ती पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते. ‘आमच्यात चालतं’ एवढ्याने भागत नाही. जातीला विवाह मोडण्याचा किंवा बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा अधिकार आम्ही मानणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने शंभू रघू खटल्यात १८७६ साली सांगितले होते. आणि ऑक्टोबर २०२४मध्ये केंद्रीय विधी खात्याने नोटरींनाच लेखी बजावले की विवाहाचे वा घटस्फोटाचे दस्त करणे हे त्यांचे काम नाही. त्या कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न लावले तर ते रद्दबातल ठरू शकते, सात वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा होऊ शकतो, आणि विश्वासाने दुसऱ्या घरात गेलेल्या बाईचे पत्नी म्हणून असलेले स्थानच वादात सापडते.

डोंगराकडच्या गावांची गोष्ट आणखी निराळी आहे आणि वकीलमंडळीही ती घाईत विसरतात. आहुपे, हातवीज या पट्ट्यातले महादेव कोळी आणि ठाकर अनुसूचित जमातींत मोडतात. केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याशिवाय हिंदू विवाह कायदा त्यांना लागू होत नाही. तिथे रूढीच कायदा. म्हणून काय तिथल्या बाईला दाद नाही? आहे. पोटगीचे कलम आणि २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा जात-जमात विचारत नाहीत, आणि मुलाच्या पालकत्वासाठी १८९०चा जुना कायदा सर्वांना खुला आहे.

आता ती ओळ. मुलाच्या पोटगीचा हक्क मुलाचा आहे, आईचा नाही. जे आपले नाही ते आई सोडून कसे देणार? बैठकीत तिने सही केली असली तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४खाली मुलासाठी मागणी करता येते. आधी हेच कलम १२५ होते. आईने दुसरे लग्न केले म्हणूनही बापाची जबाबदारी संपत नाही. पुष्कळ माता शाळेच्या फीपायी रात्रीचा दिवस करतात आणि ‘मी लिहून दिलंय ना’ म्हणून गप्प राहतात. हे ऐकले की माझा जीव कळवळतो. त्या कागदाने त्या बाईला बांधलेले नाही. तिला ते कुणी सांगितलेले नाही, एवढेच.

‘मूल बापाचं, वंश त्याचा’ हाही बैठकीतला ठरलेला युक्तिवाद. १९५६च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार पाच वर्षांखालचे मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहते, आणि त्यापुढेही पाहायचे ते मुलाचे हित, वंश नव्हे. हेच उलट बाजूनेही खरे आहे. ‘बापाने तोंड दाखवायचे नाही’ असे लिहून घेणारे मामाही चुकतात. बापाला भेटणे हेसुद्धा मुलाच्या हितात धरले जाते, आणि ते कुठे, कधी, कसे, हे न्यायालय ठरवून देऊ शकते.

खर्चाचे म्हणाल, तर विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७च्या कलम १२ने प्रत्येक स्त्रीला, प्रत्येक बालकाला आणि अनुसूचित जाती-जमातींतल्या प्रत्येकाला उत्पन्न न विचारता मोफत वकील देऊ केला आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समिती असते, १५१०० हा दूरध्वनी असतो. पुणे गाठायचीही दरवेळी गरज नाही. माहेरी परतलेली बाई जिथे राहते तिथल्याच न्यायदंडाधिकाऱ्यापुढे, म्हणजे जुन्नरला किंवा घोडेगावला, हिंसाचार कायद्याखाली अर्ज करू शकते. त्याच अर्जात राहते घर, खर्च आणि मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो. तारखा लांबतात, ही तक्रार मात्र मला मान्य आहे. अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे तो कायदा म्हणतो आणि प्रत्यक्षात महिने उलटतात. पण २०२०च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे सांगितले, त्यामुळे थांबलेले महिने वाया जात नाहीत. वाया जातात ते अर्ज न करता बसून काढलेले.

म्हणून बैठक बंद करा, असे मी म्हणत नाही. समजूत घालणारी माणसे गावात आहेत हे आपले भाग्य आहे. माझे म्हणणे एवढेच की बैठकीचा शेवट स्टॅम्पवर होऊ नये. खर्चाचे जुळले असेल तर ते लोकअदालतीत मांडावे. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो. दोघांनाही वेगळेच व्हायचे असेल तर वर्षभर विभक्त राहिल्यावर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली परस्परसंमतीचा अर्ज करावा. पुढची सहा महिन्यांची मुदतही योग्य प्रकरणात माफ होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये म्हटले आहे. आणि विधी सेवा समितीने बाईची वाट पाहत कोर्टाच्या आवारात बसू नये. मंचरच्या, ओतूरच्या आठवडे बाजारात टेबल मांडावे, डिंभ्याच्या वरच्या वाड्यांवर जावे, घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात महिन्यातून एक दिवस वकील बसवावा.

ओसरीवर यादी करायला जे दोन ज्येष्ठ पुढे असतात, त्यांनीच पुढच्या लोकअदालतीच्या सकाळी दोघांना घेऊन घोडेगावची एसटी धरावी. बरोबर भांड्यांची यादी न्यावीच, आणि पोराच्या शाळेची, दवाखान्याची आणि कपड्यालत्त्याच्या खर्चाचीही एक यादी न्यावी.