बार्बरा किंगसॉल्व्हर आणि बाजू घेणारी कादंबरी

कादंबरीकाराने उघडपणे बाजू घ्यावी की नाही, हा वाद फडके-खांडेकरांपासून मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. अमेरिकेत तो ज्यांच्या निमित्ताने पुन्हा पुन्हा होतो, अशा लेखकांत बार्बरा किंगसॉल्व्हर यांचे नाव ठळक आहे.

१९५५ साली जन्मलेल्या किंगसॉल्व्हर केंटकीच्या ग्रामीण भागात वाढल्या. वडील डॉक्टर, लहानपणी काही काळ हे कुटुंब काँगोत राहिले. पुढे जीवशास्त्राचे शिक्षण, विज्ञानलेखन, ॲरिझोनातील तांब्याच्या खाणींच्या १९८३ च्या संपात उभ्या राहिलेल्या बायकांवरचे पुस्तक, आणि १९८८ मध्ये ‘द बीन ट्रीज’ ही पहिली कादंबरी. २००० साली त्यांनी स्वतःचे पैसे घालून ‘बेलवेदर’ पारितोषिक सुरू केले, तेही सामाजिक न्यायाचा प्रश्न हाताळणाऱ्या अप्रकाशित कादंबरीसाठी. आपण कोणत्या बाजूचे आहोत, हे त्यांनी कधी लपवले नाही.

आक्षेप इथूनच सुरू होतात, आणि ते हलके नाहीत. ‘द पॉइझनवुड बायबल’ (१९९८) मध्ये नेथन प्राइस हा हट्टी धर्मोपदेशक १९५९ साली बायको आणि चार मुलींना घेऊन काँगोतल्या खेड्यात जातो. कथा सांगतात त्या या पाच जणी. नेथनला निवेदनात एक पानही मिळत नाही. ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणेच नोंदवले जात नाही, असे टीकाकार म्हणतात. खेडे मागे पडल्यावर उत्तरार्धात पात्रे अनेकदा जगण्याऐवजी राजकारण समजावून सांगू लागतात, हेही खरे आहे. हवामानबदलावरच्या ‘फ्लाइट बिहेविअर’ (२०१२) मध्येही शास्त्रज्ञ बोलू लागला की काही वेळा वर्गात बसल्यासारखे वाटते.

दुसरीकडे, ज्या माणसाचा आवाज घरात आणि प्रार्थनामंदिरात इतर सगळ्यांना गप्प करतो, त्यालाच कादंबरीत गप्प ठेवणे हा रचनेचा विचारपूर्वक केलेला निर्णयही असू शकतो. मला तो तसाच वाटतो. शिवाय कादंबरीच्या पार्श्वभूमीला असलेल्या, काँगोचे पंतप्रधान पात्रिस लुमुंबा यांच्या हत्येचा कट सीआयएने रचला होता, हे सिनेटच्या चर्च समितीने १९७५ मध्येच उघड केले होते. पण समितीचे अहवाल किती घरांत वाचले जातात? ही कादंबरी मात्र ओप्रा विन्फ्रे यांच्या वाचनमंडळातून घराघरांत गेली.

तरीही एखादी गोष्ट लोकांपर्यंत पोचवणे आणि चांगली कादंबरी लिहिणे ही दोन वेगळी कामे आहेत. ती एकत्र जमतात का, याची खरी कसोटी ‘डीमन कॉपरहेड’ने (२०२२) घेतली. डिकन्सच्या ‘डेव्हिड कॉपरफिल्ड’चा सांगाडा किंगसॉल्व्हर यांनी व्हर्जिनियातल्या ली काउंटीत, कोळसा संपत आलेल्या डोंगराळ मुलखात आणला. व्यसनी आईचा पोरका मुलगा, पैशांसाठी मुले सांभाळणारी घरे, फुटबॉलमध्ये गुडघ्याला झालेली दुखापत, त्यावर डॉक्टरने लिहून दिलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि त्या गोळ्यांचे व्यसन. यात औषध कंपनीचा एमआरही येतो, पण येतो तो कुणाचा तरी प्रियकर म्हणून, गप्पा मारणारा, घरात वावरणारा. सारे डीमन स्वतःच्या बोलीत, रागाने आणि मिस्कीलपणे सांगतो. कोळसा कंपन्यांनी या मुलखाचे काय केले हे सांगणारे शिक्षक इथेही आहेत. मात्र इथे ते ऐकणारा मुलगा त्या धड्यापेक्षा मोठा आहे. संकटांवर संकटे रचली आहेत, ही तक्रार मला मान्य आहे. असे असूनही २०२३ चे पुलित्झर (एर्नान डियाझ यांच्या ‘ट्रस्ट’सोबत विभागून) आणि विमेन्स प्राइझ हे सन्मान केवळ विषयाला मिळाले, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

‘बेलवेदर’ पारितोषिकाबाबत मात्र मी कचरतो. विषयाची अट आधी घातली की नवा लेखक अट पाहून लिहू लागण्याचा धोका असतो. उलट, हिलरी जॉर्डन यांची ‘मडबाउंड’ याच पारितोषिकामुळे पुढे आली, हेही नोंदवले पाहिजे. ‘डीमन’च्या मानधनातून किंगसॉल्व्हर यांनी ली काउंटीत व्यसनमुक्त होणाऱ्या स्त्रियांसाठी निवास उभा केला. त्यासाठी त्यांचा आदर वाटतो, परंतु कादंबरीच्या मूल्यमापनात तो जमेस धरू नये.

माझा कौल किंगसॉल्व्हर यांच्या बाजूने आहे, एका अटीवर: लेखकाने बाजू जरूर घ्यावी, पण ती पात्राच्या तोंडी देण्याआधी त्या पात्राला लेखकाशी असहमत होण्याइतके स्वतंत्र करावे. ‘पॉइझनवुड’च्या उत्तरार्धात हे साधले नाही, ‘डीमन’मध्ये साधले. वाचकांनी दोन्ही कादंबऱ्या लागोपाठ वाचाव्यात आणि हा निवाडा स्वतः तपासून पाहावा.