एका मिनिटात लागते, पण काढायची कशी?

नवी चिकटपट्टी येऊ घातली आहे. तिच्या एका अंगाला मिलिमीटरहून आखूड सुया असतात. त्या कातडीच्या वरच्या थरात शिरून विरघळतात, म्हणून फारसं दुखत नाही. गांबियात बाळांना गोवर-रुबेलाची लस अशी देऊन पाहिली. २०२४ साली प्रसिद्ध झालेले निकाल चांगले आहेत. लशीची बर्फपेटी खांद्याला लावून वाडीवस्ती तुडवणाऱ्या नर्सबाईंचं ओझं त्याने हलकं होणार असेल तर आमचा विरोध कशाला असेल?

विरोध आहे तो याच पट्टीत गर्भनिरोधक भरण्याच्या घाईला. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१९ साली अशी पट्टी जाहीर केली. औषध लेव्होनॉर्जेस्ट्रेल, म्हणजे नॉरप्लांटमधलंच. पट्टी मिनिटभर दाबायची, सुया कातडीत तुटून राहतात आणि महिनाभर औषध सोडतात. तेव्हा औषधाची पट्टी उंदरांना लावली होती, बायकांना बिनऔषधाची.

बाई ती घरच्या घरी, कुणाला न विचारता लावू शकेल, असं सांगतात. ते खरं आहे, आणि आपल्याला हवंही आहे. पण गोळी बाई आज बंद करू शकते. तांबी काढता येते (त्यासाठी किती विनवण्या कराव्या लागतात ते सोडा). नॉरप्लांटच्या सहा कांड्याही निदान कापून काढता यायच्या. इथे तुटलेल्या सुया काढायची सोयच नाही. अंगावर जात राहिलं तरी महिना भरेपर्यंत सोसायचं. ‘महिनाच तर आहे, डेपोचे तीन महिने असतात’, म्हणतील. अंगात आधीच रक्त नसलेल्या बाईला हे सांगून पाहा.

१९८५ साली हैदराबादजवळ पटनचेरूला नेट-एन इंजेक्शनसाठी बायका जमवल्या, पण हा प्रयोग आहे हे त्यांना सांगितलं नव्हतं. स्त्री शक्ती संघटना आणि इतर गटांना १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. १९९६ साली टार्गेट कागदावरून गेलं. शिबिरांतून गेलं का, ते तुम्हीच सांगा. अशा शिबिरात रांगेतल्या बाईच्या दंडावर पट्टी दाबायला एक मिनिट पुरेल. तिला समजावून सांगायला, तिचे प्रश्न ऐकायला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि वाचवायचा असतो तो नेमका हाच वेळ.

आपल्याकडे चाचणी करायची असेल तर त्याआधी तिची सगळी माहिती मराठीत आमच्या हातात द्या. त्रास झाला तर तो महिनाभर बाईकडे कोण पाहणार, त्याचं नावही त्यात लिहा.