पाणी जातंय कुठं?

आमची ओम्नी अजून चालते आणि ती चालत राहावी असं मला मनापासून वाटतं. १९८४ साली ‘मारुती व्हॅन’ या नावाने आलेली ही गाडी २०१९ मध्ये बंद झाली. आता आहेत त्या सांभाळायच्या. शाळेची पोरं, लग्नाचा आहेर, भाजीची पोती, अपरात्री दवाखान्यात न्यायचा पेशंट... कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावांसाठी या गाडीने काय काय वाहिलं नाही!

आमच्या गाडीचं मूळ इंजिन ऑइल खाऊ लागलं तेव्हा बोअर-पिस्टनचं काम काढण्यापेक्षा जुन्या बाजारातून दुसरं इंजिन आणणं परवडत होतं. आणलं, बसवलं, रीतसर अर्ज करून आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घेतला. इंजिनाचा आवाज छान होता, पिकअपही चांगला. फक्त कूलंट कमी होत होतं. गाडी रात्रभर उभी असली तरी खाली फरशीवर एक थेंब दिसायचा नाही, आणि आठवडा संपता संपता बाटलीतली पातळी खाली गेलेली असायची.

अशा वेळी सल्ले भरपूर मिळतात. पाण्याची बाटली जवळ ठेवा आणि टाकत राहा, हा पहिला. रेडिएटरमध्ये चमचाभर हळद टाका, हा दुसरा. हळदीने बारीक गळती थांबते हे खरं. वाटेत अडकलेल्या ट्रक ड्रायव्हरांनी तिच्यावर गाड्या घरापर्यंत आणल्या आहेत. पण हळद फक्त भोकाशीच जाऊन बसत नाही, रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसते. घर गाठण्यापुरता तो उपाय ठीक. त्यावर वर्ष काढणं म्हणजे गळतीच्या जोडीला चोंदलेला रेडिएटर ओढवून घेणं.

आणि हे इंजिन तापून चालत नाही. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, वर ॲल्युमिनियमचं हेड. एकदा जोरात तापलं की हेड वाकतं, गास्केट जातं आणि खर्च कुठल्या कुठे पोचतो. तापमानाच्या काट्यावर विसंबून राहावं, तर तेही धोक्याचं. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाणी पार उतरलं की तो कोरडा पडतो, आणि इंजिन भाजत असताना काटा खाली दिसू शकतो. आंबा घाट चढताना काटा जागेवर आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या मेस्त्रींनी सुरुवातीलाच बजावलं, “सर, पाणी ओतत बसू नका. ते जातंय कुठं, ते आधी बघूया.” मला हा माणूस आवडतो तो यासाठीच. त्यांनी ऑइलची काडी काढून पाहिली. ऑइल दुधाळ झालेलं नव्हतं. सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता, रेडिएटरमध्ये बुडबुडे नव्हते. म्हणजे हेड गास्केट शाबूत होतं. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, पंपाचं सील गेलं की तिथून ओल येते. तेही कोरडं होतं. मग गार इंजिनावर रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी, ०.९ बार इतकी हवा भरली आणि आम्ही वाट पाहत थांबलो. पंपावरचा काटा सावकाश उतरू लागला.

पुढची सीट उचलून, टॉर्च लावून, आरसा आत घालून ते शोधत राहिले. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या आड, ब्लॉकच्या अंगावर हिरवट पांढरी खरपुडी धरलेली दिसली. वॉटर डमी! ब्लॉक ओतताना राहिलेली भोकं बंद करायला ठोकून बसवलेल्या या पत्र्याच्या गोल टोप्या. त्यातल्या एकीच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं. तिथून झिरपलेलं कूलंट तापलेल्या मॅनिफोल्डपाशी वाळून जात होतं, म्हणून फरशी कोरडी.

मॅनिफोल्ड उतरवून डमी काढली आणि कारण हातात आलं. बाहेरून चकचकीत, आतून तांबड्या गंजाने पापुद्रे सुटलेली. आधीच्या मालकाने कूलंटऐवजी बोअरवेलचं पाणी घातलेलं असणार. कूलंट गोठण-उकळण सांभाळतं एवढंच आपल्याला माहीत असतं, पण आपल्या हवेत त्याचं मोठं काम गंज रोखण्याचं आहे. त्यात उतरवलेलं इंजिन आत ओल राहून बाजारात पडून असतं. तेवढ्या काळात पत्रा आतून खाल्ला जातो.

दुरुस्ती तशी सरळ होती, वेळखाऊ मात्र होती. डमीची बसकण पॉलिश पेपरने घासून पार स्वच्छ केली, सीलंटचा पातळ हात दिला आणि मापाचा सॉकेट लावून नवी पितळी डमी सगळ्या बाजूंनी सारखी ठोकून बसवली. पितळ गंजत नाही. हाताला लागतील त्या बाकीच्या डम्याही बदलल्या, कारण एक सडली तर शेजारचीही त्याच वाटेवर असते. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं मिसळून हळूहळू भरलं, झाकण उघडं ठेवून गार इंजिन चालू केलं, थर्मोस्टॅट उघडून अडकलेली हवा निघेपर्यंत थांबलो. थर्मोस्टॅट काढूनच टाका, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकू नका. इंजिनाला ठरावीक उष्णता लागतेच.

काढलेलं जुनं कूलंट मेस्त्रींनी कॅनमध्ये भरून झाकण लावून ठेवलं, गटारात ओतलं नाही. ते चवीला गोड लागतं आणि विषारी असतं. गल्लीतली कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात.

तुम्ही जुनं इंजिन घेणार असाल, तर ते गाडीत चढवण्याआधी, जमिनीवर असतानाच सगळ्या डम्या, होज पाइप आणि वॉटर पंपाचं सील बदलून घ्या. मेस्त्री नको म्हणाले तरी आग्रह धरा. डमीची किंमत किरकोळ असते, पैसे जातात ते तिच्यापर्यंत पोचायला.